बाविसावा नंबर

सप्टेंबर उजाडला की आमच्या घरी दूध तापवायच्या पातेल्यात माउथगार्ड उकळतं. हॉकी खेळताना दात शाबूत राहावेत म्हणून तोंडात धरायचं ते रबरी प्रकरण. उकळत्या पाण्यात टाकायचं, मऊ पडलं की काढून क्षणभर गार पाण्यात बुडवायचं आणि लेकीच्या तोंडात द्यायचं. तिने ते घट्ट चावून धरायचं आणि मी वीस आकडे मोजायचे. तेवढे वीस आकडे इरा गप्प असते. चौदाव्या वर्षी ही आईसाठी पर्वणीच असते, म्हणून मी जरा सावकाशच मोजते. दर वर्षी जबडा वाढतो, दर वर्षी नवं माउथगार्ड येतं आणि दर वर्षी नितीन, म्हणजे माझा नवरा, चहाचा पहिला घोट घेऊन सांगतो की आज चहाला टायरचा वास येतोय.

आजही त्याने ते सांगितलं. मी पातेलं तिसऱ्यांदा घासायला घेतलं आणि त्या वासाबरोबर दोन हजार चौदा सालचा आमचा पहिला हॉकीचा मोसम मनात आला. इथे हॉकीचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि एप्रिलच्या आसपास संपतं. ऋतूंचं म्हणाल तर आयर्लंडात पाऊस बारा महिने हजर, त्यामुळे त्याच्यावरून काही ओळखायची सोय नाही. मी आपली माउथगार्डवरून वर्ष मोजते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरहून डब्लिनला आलो. नितीनचं ऑफिस चेरीवूडला, घर तिथून गाडीने दहा मिनिटांवर. त्याच्या परवान्यावर मला इथे राहता येत होतं, पण नोकरी करता येत नव्हती. नागपुरात बारा वर्षं माझा गणिताचा क्लास होता. आठवी, नववी, दहावी. शनिवारी चाचणी आणि सोमवारी सकाळी दारातल्या फळ्यावर यादी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. पोरं चपला काढायच्या आधी यादी बघायची आणि आया स्कूटर बंद न करता मान लांब करून बघायच्या. ती यादी लिहिताना मला कधी वाईट वाटलं नाही. शेवटचा नंबर आलेला पोरगा पुढच्या शनिवारी पेटून उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जे पेटत नव्हते, ते क्लास सोडून जायचे, आणि त्यांच्याकडे बघायला मला वेळ नव्हता.

इथे आल्यावर वेळच वेळ झाला. सकाळी साडेनऊला घर झाडून-पुसून तयार, आणि मग दिवसभर मी खिडकीशी. इरा नऊ वर्षांची होती. घरात तिची टकळी चालायची, पण शाळेत ती तोंड उघडत नाही असं तिच्या बाईंनी सांगितलं. मग एके दिवशी तिच्या दप्तरात एक कागद आला, की शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेमागच्या मैदानावर मुलींची हॉकी. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे, असं नितीन अभिमानाने म्हणाला. आम्हा दोघांपैकी कोणीही जन्मात हॉकी स्टिक हातात धरलेली नव्हती.

पहिल्या शनिवारी आम्ही इराला फाटकात सोडलं आणि गाडी वळवली. क्लासला पोर सोडायचं आणि भाजी आणायला जायचं, हीच आमची रीत. तेवढ्यात पिवळा रेनकोट घातलेली, सत्तरीची एक बाई दोन्ही हात हलवत गाडीसमोर आली. मैदानाच्या कडेला छोटा गोलपोस्ट आडवा पडला होता आणि तीन जण त्याला धरून उभे होते. उचलायला चार माणसं लागतात, असं तिने काचेतून सांगितलं. मी उतरले. गोल उचलला, नेऊन ठेवला. मग दुसरा. मग मैदानावर खुणेचे शंकू मांडायचे होते, मग चहाच्या किटल्या भरायच्या होत्या. नितीन गाडीत बसून राहिला. मी दुपारी एक वाजता घरी आले, बोटं गारठलेली, बूट चिंब, आणि कित्येक आठवड्यांनी सपाटून भूक लागलेली.

ती बाई म्हणजे मॉरीन. निवृत्त शिक्षिका, आणि गेली तीसेक वर्षं या क्लबच्या लहान मुलींना सांभाळणारी. सात वर्षांच्या चिमुरड्यासुद्धा तिला नुसतं मॉरीन म्हणत. माझी जीभ वळेना, मी मनात तिला मॉरीनबाईच म्हणत असे. तिने माझ्यात काय पाहिलं कोण जाणे. महिन्याभरात तिने माझा अर्ज पोलिसांकडे पाठवला. लहान मुलांबरोबर काम करायचं तर इथे आधी पोलीस तुमची माहिती तपासतात. तो होकार आला तेव्हा मी तो कागद नितीनला दोनदा वाचून दाखवला. या देशाने मला नोकरीचा परवाना दिला नव्हता, पण पोरं सांभाळायला लायक ठरवलं होतं. मग मॉरीनने हजेरीची वही माझ्या हातात दिली. बावीसच्या बावीस नावं मी पुढच्याच शनिवारी पाठ म्हणून दाखवली.

मला एकच गोष्ट पटत नव्हती. लहान मुलींच्या सामन्यात इथे गोल मोजत नसत. शिट्टी वाजली की हात मिळवायचे, समोरच्यांना तीनदा हुर्रे म्हणायचं आणि क्लबच्या खोलीतल्या चहाच्या खिडकीकडे पळायचं. कोण जिंकलं असं विचारलं तर मॉरीन म्हणे, मजा आली की नाही ते सांगा. आता गणिताच्या बाईला मोजू नकोस म्हणून कसं चालेल? मी कोटाच्या खिशात बोटांवर मोजत असे. चार-दोन. पाच-दोन. घरी येताना नितीनला खरा निकाल सांगितल्याशिवाय मला चैन पडत नसे.

आणि त्या बावीस मुलींत क्लोडा होती. लालसर केसांची, मोजा कायम घोट्यापर्यंत घसरलेला, दर वेळी पाच मिनिटं उशिरा. सगळ्या डावीकडे पळाल्या की ही उजवीकडे. चेंडू समोर आला की ती त्याच्याशी बोलायची, आणि बोलून होईपर्यंत चेंडू दुसरी कोणीतरी घेऊन गेलेली असायची. माझ्या नागपुरी हिशेबाने अगदी वाया गेलेलं प्रकरण. पण रांगेत ती नेहमी इराशेजारी उभी राहायची. इरा बोलत नाही याची तिला काही अडचण वाटत नव्हती, ती दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा मी लांबून पाहिलं, तर इरा काहीतरी सांगत होती आणि क्लोडा चक्क ऐकत होती. मला बरं वाटलं, आणि मी पुन्हा माझ्या वहीत डोकं घातलं.

वहीत मी तोवर हजेरीच्या पुढे बरंच काही लिहायला लागले होते. चेंडू अडवणे, पास देणे, धावणे, शिस्त. प्रत्येकाला दहापैकी गुण. डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, मी ते सगळं एका जाड ड्रॉइंग पेपरवर उतरवलं. वर लाल-हिरव्या स्केचपेनांची वेलबुट्टी, खाली पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत नावं, गुण, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पहिल्या तिघींपुढे सोनेरी चांदण्या. इरा पाचवी आली होती. आईने लेकीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला होता. बाविसावी क्लोडा. शेरा: मेहनत घेणे आवश्यक. चहाच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर मी तो कागद चार टाचण्यांनी लावला आणि जरा मागे सरकून बघितला. छान दिसत होता.

पालक आले, बघून गेले. कोणी हसून मान हलवली, कोणी केवढी मेहनत घेतलीस म्हणालं. एक बाई म्हणाली, किती सुंदर अक्षर. मी कृतकृत्य. इथली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत आणि केवढी मेहनत घेतलीस याचा अर्थ कधीकधी हे कशाला केलंस असा असतो, हे कळायला मला आणखी दोन हिवाळे लागले. मॉरीन यादीसमोर बराच वेळ उभी होती. मग तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि चहा केला.

जानेवारीत मैदान पुन्हा सुरू झालं तेव्हा यादी फळ्यावर नव्हती आणि क्लोडा रांगेत नव्हती. पहिल्या शनिवारी वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्या शनिवारीही आली नाही. इरा रांगेत एकटी उभी राहायची, आणि जोड्या लावताना उरलेली म्हणून मॉरीन तिच्याबरोबर खेळायची. तिसऱ्या शनिवारी इराने गाडीतून उतरायला नकार दिला. मी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग गणिताच्या बाईसारखं कारण विचारलं. ती मराठीतून विचारलेल्या प्रश्नांना एव्हाना इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागली होती.

"शी वॉज माय पार्टनर, मम्मी. यू पुट हर लास्ट ऑन द वॉल."

एवढंच बोलून तिने सीटबेल्ट पुन्हा लावला. मी गाडीबाहेर पावसात उभी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकीला या देशात बोलायला एक माणूस मिळालं होतं आणि ते मी चार टाचण्या मारून घालवलं होतं.

मी वही परत करायला गेले. मॉरीन चहाच्या खिडकीमागच्या खोलीत ओल्या जर्सी वाळत घालत होती. मी सांगितलं की मला हे जमणार नाही, माझं चुकलं, दुसऱ्या कोणाला द्या. ती म्हणाली, ग्रँड, ग्रँड, सगळं ठीक आहे, आधी चहा घे. मग कप आणायला तिने प्रेस उघडला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तो जुना, हिरव्या रंगाचा, भिंतीएवढा प्रेस मी दर शनिवारी बघत होते, पण त्याच्या दाराची आतली बाजू मी कधी पाहिली नव्हती. ती वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने लिहिलेल्या नावांनी भरली होती. पोरांची अक्षरं, कोणी तिरकी, कोणी एवढी मोठी की शेजारच्या नावावर चढलेली. काहींच्या पुढे छोट्या उभ्या रेघा, एक, दोन, पाच, नऊ. दर सप्टेंबरात पहिल्या शनिवारी जी मुलगी येते तिने आपलं नाव लिहायचं. पुढच्या सप्टेंबरात परत आली तर नावापुढे एक रेघ. बस्स. मॉरीनने एका नावावर बोट ठेवलं, अकरा रेघा होत्या. ही बाई आता मध्यंतरात पोरींसाठी संत्री कापते, म्हणाली. दुसऱ्या एका नावावर ठेवलं. ही तुझ्याबरोबर पहिल्या दिवशी गोल उचलत होती.

मी शिक्षिका आहे, मला तक्ता वाचता येतो. पण या तक्त्यात पहिलं कोणी नव्हतं.

"जिंकणाऱ्या पोरी मला ओळखता येत नाहीत," मॉरीन म्हणाली. "तीस वर्षांत जमलं नाही. परत कोण आलं तेवढं मी मोजते."

माझ्या यादीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. माझी वही तिने परत घेतलीही नाही. फक्त जाताना क्लोडाच्या घराचा रस्ता सांगितला, चर्चवरून डावीकडे, निळं दार.

आमच्याकडे क्लासच्या बाई घरी आल्या तर पोरगं गच्चीवर पळून जातं. क्लोडाने स्वतःच दार उघडलं. मी डब्यातून चिवडा नेला होता, तो पुढे केला. मग मी जे बारा वर्षांत एकाही विद्यार्थ्याला म्हटलं नव्हतं ते म्हटलं, की माझं चुकलं. नऊ वर्षांच्या मुलीसमोर ते म्हणताना माझे कान गरम झाले. क्लोडाने थोडा विचार केला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली:

"मी शेवटची आहे हे मला माहीतच होतं. पण ते भिंतीवर नव्हतं."

मग तिने विचारलं, की मी स्वतः कशी खेळते. मी म्हटलं, मी कधी खेळलेच नाही. तिने भुवया वर केल्या आणि विचारलं, मग दहापैकी किती द्यायचे ते मला कसं कळलं? आतून तिच्या आईचा, ग्रॉन्याचा, हसण्याचा आवाज आला. ग्रॉन्या बाहेर आली, तिने चिवडा घेतला, चहाचं विचारलं, आणि म्हणाली की गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आयांची हॉकी असते, तिच्याकडे एक जास्तीची स्टिक आहे. लगेचच्या शनिवारी क्लोडा आली नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मात्र ती आली, मला बघायला. आईबरोबर. कुंपणापाशी एका छत्रीखाली ती आणि इरा, मध्ये चिवड्याचा डबा. त्या डब्यात अजून चिवडा होता की ग्रॉन्याने सँडविच भरले होते ते मला दिसलं नाही, कारण मला काहीच दिसत नव्हतं. पाऊस आडवा येत होता. मी नितीनची ट्रॅक पँट घातली होती आणि ती सांभाळायला एक हात लागत होता. माझा पहिला फटका स्टिकच्या गोल बाजूने बसला. त्याला हॉकीत बंदी आहे. शिट्टी वाजली. दुसरा बसलाच नाही. तिसऱ्याला चेंडू जागेवर राहिला आणि मी खाली. वाळू भरलेल्या त्या खोट्या हिरवळीवर गुडघा असा सोलवटला की आजही थंडीत तो आपली आठवण देतो. छत्रीखालून दोन मुलींचं खदखदून हसणं आलं. त्यातलं एक इराचं होतं. घराबाहेर ती अशी हसलेली मी या देशात पहिल्यांदा ऐकली, म्हणून मी थोडा वेळ तशीच पडून राहिले.

क्लोडा मैदानात आली. तिने माझे हात स्टिकवरून सोडवले आणि पुन्हा लावले. डावा वर, उजवा खाली. मी इतका वेळ उलटं धरलं होतं. मग म्हणाली, बाकीच्यांकडे बघू नकोस, चेंडूकडे बघ, हवं तर त्याच्याशी बोल. मी मराठीत बोलले. चेंडू चार फूट गेला. शेवटी तिने विचारलं, स्वतःला दहापैकी किती देशील? मी प्रामाणिकपणे एक म्हटलं.

"दोन," क्लोडा म्हणाली. "आलीस त्याचा एक."

दोनच दिवसांनी, शनिवारी, ती रांगेत होती, पाच मिनिटं उशिरा, मोजा घसरलेला. इरा गाडी थांबायच्या आत दार उघडून पळाली. मी वहीतली मागची पानं फाडून टाकली, पुढची हजेरी तेवढी ठेवली. खिशातली बोटं मोजायची थांबली असं म्हणणार नाही. जित्याची खोड. पण घरी येताना नितीनला निकाल सांगणं बंद केलं.

पुढच्या महिन्यांत मॉरीनने मला संत्री कापायच्या कामावर बसवलं. नागपूरच्या बाईला हे काम म्हणजे सन्मानच. पहिल्या दिवशी मी प्रत्येक संत्रं सोललं, फोडी सुट्या केल्या, पांढऱ्या शिरासुद्धा काढल्या. मध्यंतर संपेपर्यंत माझी सहा संत्री झाली होती. मग दारावर अकरा रेघा असलेली ती बाई आली आणि तिने सालीसकट चार तुकडे करायला शिकवलं. ती संत्री आमच्याकडच्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण पावसात धावून आलेल्या पोरी ती दातांनी ओढून खातात तेव्हा सांगायची हिंमत होत नाही. खिडकीशेजारी फळ्यावर चहाच्या पाळ्यांचा नवा कागद लागला होता. दर आठवड्याला कोणी चहा करायचा, कोणी संत्री आणायची, कोणी गोल उचलायचे. माझं नाव दोनदा होतं. त्या कागदाखाली उभी राहून मी तो सगळा मोसम संत्री कापली.

सप्टेंबरात प्रेसचं दार उघडलं. क्लोडाने आपलं नाव शोधलं आणि त्याच्यापुढे रेघ मारली, मग इराने. मी मोजलं नाही, पण बाविसातल्या अठरा आल्या होत्या. ठीक आहे, मोजलं.

क्लब कशाने चालतो असं कोणी विचारलं तर मी आता जरा जास्तच बोलते, असं नितीन म्हणतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आयर्लंडच्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. शेवटचा सामना हरल्या, तरी सप्टेंबरात आमच्या फाटकात ही गर्दी. स्टिका कमी पडल्या, शंकू कमी पडले. बाप मंडळी आमची मुलगी देशाकडून कधी खेळेल म्हणून विचारत होती. मी हरखले होते, पण मॉरीन काळजीत होती. सप्टेंबरात कोणीही येतं, म्हणाली, फेब्रुवारीच्या पावसात कोण येतं ते बघू. मग तिने नव्या आयांना एकेक करून कामाला लावलं. कोणाला किटली, कोणाला प्रथमोपचाराची पेटी, कोणाला गाडी नसलेल्या मुलींना आणायचं काम. ज्या आईच्या हातात काही दिलं तिची मुलगी फेब्रुवारीत दिसायची. चांगले प्रशिक्षक हवेत, चांगलं मैदान हवं, हे सगळं खरंच. पण तिसऱ्या माणसाने चौथ्याला गाडीतून उतरवायला हवं. माझ्यापुरतं सगळं तिथून सुरू झालं.

या वसंतात नियम बदलला आणि मला काम करायची मुभा मिळाली. आता मी आठवड्याचे पाच दिवस एका शाळेच्या ऑफिसात असते. शनिवार मी कोणाला देत नाही. मॉरीनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती घरून फोनवर हुकूम सोडते, आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे.

आज पहिला शनिवार होता. सकाळी चहाला टायरचा वास होता आणि साडेनऊला मैदानावर बऱ्यापैकी वारा. एक नवं मराठी जोडपं आलं, पुण्याचं, तीन आठवड्यांपूर्वी उतरलेलं. मुलगी आठ वर्षांची, आईच्या कोटामागे. वडिलांनी दहा मिनिटं खेळ बघितला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, की यांच्यात आमची साधारण कितवी येईल? मला त्या माणसाची मनापासून दया आली. मी म्हटलं, "ते सांगते, पण तो गोल उचलायला चौथा माणूस कमी पडतोय. जरा हात लावता का?" तो कोट काढून गेला. त्याची बायको हसली, आणि मी तिच्या हातात किटली दिली.

मुलींची नावं दारावर लिहून झाली. दार आता भरलंय, दुसऱ्या दारावर सुरुवात केली. क्लोडाच्या नावापुढे पाच रेघा झाल्या. ती चौदाची आहे, इराएवढी उंच, मोजा अजून घसरलेला. पाच वर्षांत तिने केलेला एकही गोल मला आठवत नाही, आणि मला गोल आठवतात. एखादीचा चेंडू सुटला की तिच्याकडे पळत जाणारी पहिली क्लोडा असते. नवी मुलगी कोटामागून बाहेर येत नव्हती, तर तिच्याशेजारी जाऊन ही बडबडत उभी राहिली, उत्तराची वाट न बघता. ते मी किटली भरता भरता पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. वाऱ्याने, असं मी इराला सांगितलं.

मग इरा आणि क्लोडा चहाच्या पाळ्यांचा नवा कागद लावायला फळ्यापाशी गेल्या. दर वर्षी नवा कागद जुन्यावरच लावतात, त्यामुळे तिथे चांगला गठ्ठा झाला होता. इराने सगळेच काढले. सर्वांत खालचा, पहिला, जाड होता. तिने तो उलटून पाहिला आणि गप्प झाली, माउथगार्ड नसताना.

मी जवळ गेले. लाल-हिरवी वेलबुट्टी. तीन सोनेरी चांदण्या. मॉरीनने माझ्या यादीच्या पाठीवर चहाच्या पाळ्या लिहिल्या होत्या. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा. तो पूर्ण मोसम मी माझ्याच यादीखाली संत्री कापत होते, फक्त तिचं तोंड भिंतीकडे होतं.

मी कागद घ्यायला हात पुढे केला, पण क्लोडाने तो आधीच घेतला होता. ती वरपासून वाचत आली. पहिली टेनिसला गेली, ती म्हणाली. दुसरी कॉर्कला राहायला गेली. तिसरीने सोडली. इरा, अजून आहे. मग ती बोटाने खाली खाली येत मोजत राहिली. बाविसातल्या सात उरल्या होत्या, आणि तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. मेहनत घेणे आवश्यक. तो शेरा मी त्या वेळी इंग्रजीत लिहिला होता, त्यामुळे तिला वाचता आला. पाच वर्षांपूर्वीची माफी पुन्हा एकदा मागावी की काय, असं मला वाटलं.

क्लोडाने कागद प्रेसच्या दाराला टेकवला, नावं लिहायची पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या नावाखाली एक नवी ओळ आखली. तेवीस. पुढे लिहिलं, इराची मम्मी. गुणांच्या रकान्यात दहापैकी दोन. बारा वर्षं मी याद्या लिहिल्या, पण माझं नाव एकाही यादीत आलं नव्हतं. आज आलं, आणि तेही शेवटून पहिलं.

शेऱ्याच्या रकान्यापाशी ती जरा थांबली. मग तिने लिहिलं, दर शनिवारी येते.

तो कागद आम्ही चार टाचण्यांनी फळ्यावर लावला, तोंड बाहेर करून.